सासूबाईंची मींड आणि सहा कोरे चुंबक

माझ्या सासूबाईंनी वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, यात माझा दोष निम्माच आहे. उरलेला निम्मा त्यांच्या गुडघ्यांचा.

त्या सतारीच्या शिक्षिका. डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत आणि नंतर तीन खोल्यांत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा हॉलमध्ये पाच मुली मांडी घालून बसलेल्या आणि नव्या सुनेचं माप ओलांडणं त्यांच्या तालात अडथळा आणत होतं. मग दोन वर्षांपूर्वी दोन्ही गुडघे बदलले. चालणं सुधारलं, जिने सुधारले, पण डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. आता सतार खुर्चीत बसून वाजवून बघा! आम्ही बघितली. सतार घसरते. सोफ्यावर बघितलं, भोपळा उशीत रुतला. दिवाणाच्या कडेवर बसवलं, तर सासूबाईच घसरायला लागल्या. शेवटी त्यांनी सतारीला गवसणी घातली आणि ती कोपऱ्यात उभी केली. शिकवणं तोंडाने चालू राहिलं. वाजवणं थांबलं.

सहा महिन्यांनी मी माळा आवरताना लेकीची गिटार, तिच्या आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पसकट, खाली काढली. लेकीने ती दोन महिने वाजवली, मग तिला वेगळं काहीतरी सुचलं आणि आता ती बंगळुरूला नोकरीत असते. मी गिटार भंगारात द्यायला दाराशी ठेवली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दाखव जरा."

त्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटात नखी चढवली. नखी म्हणजे सतारीची ती तारेची, पोलादी. गिटार अशी वाजवत नाहीत हे मी सांगणार तोच त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"हिचे पडदे फार दाटीवाटीने बसवलेत," त्या म्हणाल्या. "आणि ह्या दोन तारा जास्तीच्या आहेत. मींड काढायला जागा कुठे?"

"आई, गिटारला सहाच तारा असतात."

"असतील. मला चार पुरतात."

खालच्या दोन बारीक तारा निघाल्या. खालून तिसऱ्या जागेवर बारीक पोलादी तार आली, आणि मोकळ्या झालेल्या पट्टीवर त्यांनी ती तार बोटाने खाली ओढली. मींड म्हणजे हेच. एकाच आघातात तार ताणत एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाणं. जिना न चढता घसरगुंडीवरून उलटं वर जाण्यासारखं. सहा महिन्यांनी आमच्या घरात मींड वाजली, पण इतकी बारीक की कुकरची शिट्टी झाल्यावरच शांततेत ऐकू आली. गिटार भरीव लाकडाची, तिला ना भोपळा ना पोट. ती विजेवरच बोलणार. आणि अ‍ॅम्पला लावली तर नुसती घूं करायची, कारण तिचा पिकअप कधीच मेला होता.

इथे माझ्यातला शहाणपणा जागा झाला. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात वाइंडिंग खातं सांभाळते. माझं निम्मं आयुष्य तार गुंडाळण्यात गेलंय. पिकअप म्हणजे तरी काय? तारांखाली सहा छोटे चुंबक, त्यांच्याभोवती केसासारख्या तारेचे आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत इवलीशी वीज उठते, आणि तीच अ‍ॅम्प मोठी करून ऐकवतो.

"विकत कशाला आणायचा?" मी चमचा उंचावून जाहीर केलं. "मी करते!"

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अरे देवा."

सासूबाईंनी मात्र लगेच फोन लावला. गुरुपौर्णिमा आमच्याकडे सोयीच्या रविवारी येते, आणि यंदा तो रविवार तीन आठवड्यांवर होता. सगळ्यात जुन्या शिष्येला त्या सांगत होत्या, "यंदा मी वाजवणार आहे. हो, खुर्चीवर. दहा मिनिटं. काय वाजवणार ते तेव्हा बघ."

म्हणजे मी अजून तारेचा एक वेढाही घातलेला नव्हता आणि कार्यक्रमपत्रिका छापायला गेली होती.

वेढे घालणं सोपं गेलं. जेवणाच्या सुट्टीत, मालकांना विचारून, आमच्या लहान मशीनवर मी ते घातले. खात्यातल्या बाया डबे घेऊन भोवती बसल्या. पाच हजारांवर एकीला शिंक आली आणि तार तुटली. तिला आजही कुणी माफ केलेलं नाही. दुसऱ्यांदा आठ हजार पूर्ण झाले तेव्हा टाळ्या वाजल्या. मी पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, चुंबक धरतात का बघायला. स्क्रूड्रायव्हर टुणकन खाली पडला.

अल्निको नावाच्या धातूच्या त्या सहा कांड्या मी मागवल्या होत्या, आणि त्या कोऱ्या येतात हे मला ठाऊकच नव्हतं. चुंबक होण्याची इच्छा आहे, योग्यताही आहे, पण कुणी अजून चुंबक केलेलं नाही! त्यांना चार्ज करावं लागतं. म्हणजे फार जोरदार चुंबकाच्या तावडीत क्षणभर धरायचं, की जन्मभरासाठी चुंबक.

"चार्जिंग ना?" आमच्या खात्यातली एक म्हणाली. "माझ्या दिराच्या जुन्या स्कूटरचा मॅग्नेट कल्याणला चार्ज करून आणलेला. मोहन्याच्या रस्त्याला एक दादा आहेत."

दादा साठीचे, मूळचे मोहन्याचेच. टपरीवजा गॅरेज, दारात तीन जुन्या स्कूटरी, पाटीवर 'मॅग्नेट चार्ज करून मिळेल'. जुन्या दुचाकीच्या इंजिनाला जोडलेल्या चाकासारख्या भागात गोलाकार चुंबक बसवलेले असतात. ते मंदावले की गाडी सुरू होत नाही, आणि मग लोक दादांकडे येतात. मी त्यांच्या हातात पिकअप ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला.

"ही कुठली गाडी, ताई?"

"गिटार आहे."

"गिटारला पन मॅग्नेट लागतो? आयला, काय काय निघालंय."

मधोमध त्यांचं यंत्र होतं. लोखंडाचा मोठा सांगाडा, तांब्याच्या तारेची दोन जाडजूड वेटोळी, समोरासमोर दोन निमुळती टोकं आणि बाजूला एक दांडा. "मोबाइल लांब ठेवा. घड्याळ काढा. पिना-बिना असतील तर सांभाळून," ते म्हणाले. मी मागे सरकले, पण पुरेशी नाही. त्यांनी पिकअपमधली पहिली कांडी टोकांमध्ये धरली, पायाने कळ दाबली, यंत्र घुम्म झालं, दुकानातला दिवा मंदावला आणि माझ्या साडीची पिन उभी राहून तिकडे बघायला लागली. मी आनंदाने किंचाळले. दादांनी दांडा खटकन उलटा केला, दुसरी कांडी. घुम्म. दांडा पुन्हा सुलटा, तिसरी. काय तो सराईत हात! एकदा इकडे, एकदा तिकडे, नजरसुद्धा न टाकता. मी त्या दांड्याकडे कौतुकाने बघत राहिले. आमच्या खात्यात कुणी असं यंत्र उलटंसुलटं केलं असतं तर मी पहिल्या झटक्याला विचारलं असतं की हे कशासाठी. तिथे मी पाहुणी होते, आणि पाहुण्या बाईला सगळंच सुंदर दिसतं.

घरी येऊन स्क्रूड्रायव्हर लावला. सहाच्या सहा कांड्यांनी तो घट्ट धरला, सारख्याच जोराने. पिकअप गिटारीत बसवला, अ‍ॅम्प लावला, स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं तर अ‍ॅम्पमधून थाड थाड. मी घर गोळा केलं. घर म्हणजे नवरा. तो बुधवार होता आणि कार्यक्रम रविवारी.

सासूबाई बसल्या. पहिला आघात केला आणि सूर हॉलभर पसरला. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. त्या हसल्या. पुन्हा एक आघात, मग तिसरा, मग यमनची सुरुवात. मी नवऱ्याकडे अशा नजरेने बघत होते की तो वर्तमानपत्र शोधायला लागला.

मग त्यांनी मींड घेतली. गंधारावरून पंचमाकडे. सूर निघाला, चढायला लागला, मध्यावर गडप झाला आणि पंचमाशी पुन्हा उगवला. रस्त्याने जाणारा माणूस खांबामागे जावा आणि पलीकडून निघावा, तसा.

त्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा खांब. तिसऱ्यांदा फार सावकाश घेतली, ओठ मिटून, आणि सूर अगदी तिथेच गेला. त्यांनी उजव्या हाताच्या बोटातली नखी काढून डबीत ठेवली आणि डाव्या हाताचं बोट उजेडात धरून पाहिलं.

"सुटतंय," त्या म्हणाल्या. "मधे बोट सुटतंय माझं."

"आई, सवय नाहीये अजून..."

"अगं, मींडेला सवय नाही लागत. जोर लागतो. सहा महिने हात ठेवला नाही, आणि हे वय." डबीचं झाकण बंद झालं. "कळवून टाक मुलींना. म्हणावं, तब्येत बरी नाही."

त्यांना माझ्यावर चिडताना मी पुष्कळदा पाहिलंय. भाजीत मीठ जास्त झाल्यावर त्यांनी म्हटलेलं स्वगत मला पाठ आहे. पण त्या दिवशी त्यांनी रात्रीची भाजी न बोलता खाल्ली, आणि तिच्यात मी मीठ घालायलाच विसरले होते. तेव्हा मात्र मी घाबरले. रविवारी त्या बसल्या नसत्या तर पुन्हा कधीच बसल्या नसत्या. हे मला कळत होतं, आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

गुरुवारी सकाळी त्या अंघोळीला गेल्यावर मी गिटार घेऊन बसले. तार ओढून बघितली. माझाही सूर मधेच गेला. पण माझा सूर तसाही कुठून कुठेही जातो, त्याची साक्ष कोण धरणार? आणि त्यांना नुसतं "वाजवून बघा" म्हटलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. मग मी एक लबाडी केली.

"आई," मी म्हटलं, "मला मींड शिकवा."

त्यांनी केस पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षांनी सुचलं?"

"उशिरा का होईना."

"तुला साधा सा लागत नाही."

"म्हणूनच."

शिकायला आलेल्याला त्यांनी आयुष्यात परत पाठवलेलं नाही. मला काय पाठवणार! "हे बघ," म्हणत त्या बसल्या. "आणि ते विजेचं डबडं लावू नकोस, शिकताना आवाज कमीच बरा." मला तरी कुठे लावायचं होतं! त्यांनी आघात केला, तार ओढली, आणि मी गुडघ्यावर बसून गिटारच्या लाकडाला कान लावला. शेजारच्यांचं भांडण ऐकायला भिंतीला लावतात, तसा.

"हे काय चाललंय तुझं?"

"असंच शिकतात, आई. पुन्हा घ्या."

लाकडातून सूर स्पष्ट येत होता. गंधार, मग चढ, मग पंचम. कुठे खांब नाही, कुठे फट नाही. मी उठून अ‍ॅम्प लावला. "आता घ्या." सूर मधे गेला. अ‍ॅम्प काढला, कान लावला. अखंड! लावला, गेला. काढला, आला. सासूबाईंना वाटलं मला काहीतरी झालंय.

"आई! तुमचं बोट सुटत नाहीये! माझा पिकअप सुटतोय!"

मग त्यांनी स्वतः वाकून लाकडाला कान लावला, एकदा मींड घेतली, अजून एकदा घेतली, आणि सावकाश सरळ झाल्या.

"म्हणजे चूक तुझी?"

"माझी."

"नक्की ना?"

"शंभर टक्के, आई."

"अरे, ए!" त्या आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या. "बाहेर ये! ही काय म्हणतेय ऐक. चूक हिची आहे!"

नवरा अर्धी दाढी झालेली घेऊन बाहेर आला आणि मला ते त्याच्यासमोर पुन्हा म्हणावं लागलं. मी म्हटलं. त्यानंतर त्या दिवशी आणखी चार वेळा म्हटलं, त्यात एकदा फोनवर, बंगळुरूला. स्वतःची चूक इतकी आनंदाने मी कधीच कबूल केली नव्हती.

चूक नेमकी कुठे, हे मात्र कळेना. मग नवऱ्याने स्वतःहून त्याचं होकायंत्र आणून दिलं. फ्लॅट घेताना वास्तुशास्त्रासाठी त्याने ते विकत घेतलेलं, आणि तेव्हा मी त्याला हसले होते. मी ते पहिल्या कांडीवर धरलं. काटा एका बाजूला. दुसऱ्या कांडीवर नेलं, काटा गर्रकन फिरला. तिसरीवर पुन्हा उलटा. चौथी, पाचवी, सहावी. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण! आणि मला दादांचा तो उत्तर-दक्षिण बदलणारा दांडा आठवला.

गाडीच्या मॅग्नेटमध्ये चुंबक एक सोडून एक उलटे असावे लागतात. दादांनी आयुष्यभर तेच केलं होतं, त्यांच्या हाताने गिटारलाही तेच केलं. एकेका तारेवर आघात केला की काही कळत नाही, कारण उत्तर असो की दक्षिण, आवाज तोच. पण सासूबाईंची तार मींडेत एका चुंबकावरून निघून शेजारच्याकडे जाते, आणि दोन उलट्या चुंबकांच्या बरोबर मधे अशी एक जागा असते जी ना याची ना त्याची. दोन सोसायट्यांमधल्या गल्लीसारखी, जी कुणीच झाडत नाही. तिथे सूर मरतो.

शनिवारी मी कल्याणला निघाले तर सासूबाई साडी बदलून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला, आई? रस्ते खराब आहेत."

"मागच्या वेळी तू एकटी गेली होतीस. काय झालं बघितलंस ना?"

मग रिक्षात आम्ही दोघी, मधे गिटार, आणि माझ्या मांडीवर सेलवर चालणारा छोटा अ‍ॅम्प. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"ताई, मॅग्नेट असाच असतो. एक सोडून एक. सगले एकाच बाजूचे केले तर गाडी चालू होनार नाय."

"मला गाडी चालू करायची नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "हे ऐका." आणि त्या गॅरेजमध्ये, तीन स्कूटरींच्या साक्षीने, त्यांनी गळ्यातून मींड घेतली आणि ऐन मध्यावर स्वतःच्या तोंडावर तळहात दाबला. हात काढला तेव्हा पंचम लागलेला होता. "असं होतंय. बरं वाटतं का?"

दादा हसायला लागले. "नाय, आजी, हे काय बरोबर नाय. आना इकडं."

आता समजणं वेगळं आणि हाताला समजावणं वेगळं. पहिली कांडी, घुम्म. दादांचा हात दांड्याकडे गेला.

"उलटू नका," सासूबाई म्हणाल्या.

"हां, हां."

दुसरी. हात पुन्हा दांड्याकडे. "उलटू नका!" तिसरी निभावली. चौथीला दादा मला सांगत होते की पूर्वी दिवसाला दहा-दहा मॅग्नेट यायचे, आणि बोलता बोलता हाताने खटकन काम केलं. घुम्म.

"उलटलं!" सासूबाई कडाडल्या.

"चालीस वर्सं झाली, आजी, हात ऐकत नाय!"

"माझ्याकडे आलेल्या मुलींचेही ऐकत नसत. पुन्हा. पहिल्यापासून."

साठीचा तो माणूस शहाण्या विद्यार्थ्यासारखा पुन्हा पहिल्या कांडीवर आला. सासूबाई त्याच्या डाव्या बाजूला उभ्या, दांड्यावर तळहात ठेवून, पदर खोचलेला, आणि तोंडाने एक, दोन, तीन मोजतायत. माझ्या साडीची पिन, त्यांच्या केसातले आकडे, सगळं तिकडे ओढ घेत होतं आणि त्यांचं लक्षही नव्हतं. गुडघ्यांना उभं राहून किती वेळ झाला हे मी विचारायला गेले तर मला "श्शू" मिळालं.

मी होकायंत्र फिरवलं. सहाही कांड्यांवर काटा एकाच दिशेला. तिथेच पिकअप बसवला, तारा चढवल्या. दादांनी गिऱ्हाइकाची खुर्ची फडक्याने पुसून दिली. नखी चढली. आघात झाला, तार निघाली, गंधारावरून वर, वर, जिथे खांब होता तिथून सरळ पुढे, आणि पंचमावर जाऊन टेकली. सासूबाईंनी डोळे मिटून ती तशीच धरून ठेवली.

"चालू झाली?" दादांनी मला हळूच विचारलं.

रविवारी संध्याकाळी ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये लाल गिटार मांडीवर घेऊन सासूबाई खुर्चीत बसल्या तेव्हा पहिल्या रांगेतल्या जुन्या शिष्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मी पडद्यामागे अ‍ॅम्पशेजारी स्टुलावर. पहिली मींड आली तेव्हा मी श्वास धरला होता, आणि ती पार होऊन गेली तरी तो सोडायला विसरले. मग त्यांनी तीच मींड पुन्हा घेतली. मग तिसऱ्यांदा, आणखी लांब, आणखी सावकाश, मधल्या त्या जागेवर जास्तच रेंगाळत, आणि मान किंचित वळवून पडद्याच्या फटीतून थेट माझ्याकडे बघत. पुढच्या सगळ्या श्रोत्यांना तो यमनचा विस्तार वाटला.

दहा मिनिटं ठरली होती. पस्तीस झाली. सूत्रसंचालन करणारी शिष्या दोनदा माइकपर्यंत येऊन परत गेली. शेवटी टाळ्या झाल्या, मुली नमस्काराला रांगेत आल्या, आणि एकीने वाकता वाकता विचारलं, "बाई, हे वाद्य कुठे मिळतं?"

"मिळत नाही," सासूबाई म्हणाल्या. "सुनेकडून करून घ्यावं लागतं." मग माझ्याकडे वळून, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, "आणि उद्यापासून सकाळी सहाला बसायचं. मींड शिकायची म्हणाली होतीस ना?"